खोडलेल्या शब्दाखालची टिंबं

प्रिय मिरी,

आज बुधवार. दुपारचे सव्वादोन वाजलेत आणि आमच्या छापखान्यात कुरिअरवाला साडेचारला येतो. तोवर हे पत्र पुरं झालं तर उद्या सकाळी अकरापर्यंत तुझ्या हातात पडेल, असं तो छातीठोकपणे सांगतो. फोन करता आला असता, हे मला कळतं. काल दोनदा केलाही. दोन्ही वेळा चिमूट किती दूध प्यायली, टाके कोरडे आहेत का, ताप पाहिलास का, एवढं विचारून ठेवून दिला. फोनवर माझं तोंड भलतंच बोलत सुटतं. कागदावर निदान खोडलेलं दिसतं तरी.

आधी चिमूटच्या खऱ्या नावाचं. रविवारी मी निघताना तू म्हणालीस, “ताई, नाव तूच ठेव. तुझ्यामुळे कळलं, नाहीतर आम्ही लस टोचून घरी आलो असतो.” मास्तर मागून म्हणाले, “फक्त जोडाक्षराचं नको हं. हजेरी घेणारे निम्मे लोक चुकतात.” तुझा नवरा घरातसुद्धा शाळा सोडत नाही. पण त्या दिवशी त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं; आठवडाभर ते नुसती मान हलवत होते. मी सहा नावं काढली, एका जुन्या प्रुफाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिली. तो कागद माझ्या खणात आहे. या पाकिटात तो नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे आणि दुसऱ्याच गोष्टी सांगते आहे.

समोर कपडे धुण्याच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं पसरली आहेत. ‘यंत्र चालू असताना झाकण उघडू नये’ हे वाक्य सोळा पानांत नऊ वेळा येतं. सकाळपासून माझी तीन पानं झाली आहेत. मघाशी आमचा ऑपरेटर पान घेऊन आला. एरवी माझी लाल शाई दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणाला, “बाई, ‘झाकण’चं ‘झाखण’ झालंय, आणि तुम्ही सही करून दिलीत. तब्येत बरी आहे ना? तुमच्या हातून चूक सुटली की मला भीती वाटते.” मी हसले. मग उठून तोंड धुऊन आले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईच्या हातून काय सुटलं होतं, ते त्याला काय सांगायचं.

उद्या चार वाजता प्रयोगशाळेचा अहवाल येणार. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पुन्हा मांडते. मांडल्याशिवाय माझं डोकं जागेवर राहत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, तर बहुतेक वेळा ती याच जातीची असते, असं सर्जन म्हणाले होते. पण मुळात अशी गाठ निघणंच दुर्मिळ. त्यांनी ते लांबलचक नाव सांगितलं आणि मी वहीत लिहून त्यांनाच दाखवलं, शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून. मेझोब्लास्टिक नेफ्रोमा. डावं मूत्रपिंड गाठीसकट काढलं. गाठ फुटली नाही, अख्खी बाहेर आली, हे त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून तीनदा सांगितलं, कारण तू तीनदा विचारलंस. एका मूत्रपिंडावर माणूस म्हातारा होतो, हेही सांगितलं. आता फक्त त्या गाठीची पोटजात कळायची आहे. एक सोशीक जात, जी काढली की विषय संपला, नुसती अधूनमधून सोनोग्राफी. दुसरी जरा घाईची, भराभर वाढणारी. ती असेल तर निदान वर्षभर डोळ्यांत तेल घालून बसायचं, कदाचित औषधंही. उद्या चारला यातलं एक कळेल. तोवर माझी बोटं टेबलावर काय वाजवत असतात, ते पाहून शेजारची हिशेबनीस बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली आहे.

तू मात्र एक ठरवूनच टाकलं आहेस, की हे तुझ्यामुळे झालं. सातव्या महिन्यात तुझं पोट एवढं दिसायचं की मास्तर म्हणायचे, “आत एक आहे की अख्खा वर्ग?” आणि तूच सगळ्यांत मोठ्यांदा हसायचीस. पिशवीत पाणी जास्त आहे असं तेव्हा सांगितलं होतं, पुढे कुणी फार मनावर घेतलं नाही. आता तू रोज विचारतेस, मी पाणी जास्त प्यायले का, मी जिने चढले त्याने का, मी त्या पडशासाठी गोळी घेतली त्याने का. सर्जननी तुला सरळ सांगितलं होतं: गाठीमुळे पाणी वाढतं, पाण्यामुळे गाठ होत नाही, आणि गाठ कशाने होते, हे कुणाच्या खाण्यापिण्याशी जोडता येत नाही. तू मान हलवलीस आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, “ते सगळ्यांना असंच सांगत असणार.” त्या क्षणी तुला सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं, आणि ते ऐकून तुझा स्वतःवरचा राग कदाचित थोडा कमी झाला असता, कारण त्याला दुसरी जागा मिळाली असती.

हे वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं. राहू दे आता.

तुला आठवतं, तू सात वर्षांची होतीस आणि कुणाच्या तरी मोठ्या सायकलवरून पडलीस? मनगट सुजून टम्म झालं होतं. जिन्यात बसून तू मला शपथ घातलीस, “ताई, आईला सांगायचं नाही, मेले तरी सांगायचं नाही.” मी सोळा वर्षांची, पुस्तकातली अक्कल भरपूर. पंधरा मिनिटं कशीबशी थांबले आणि सांगून टाकलं. हाड मोडलं होतं, प्लॅस्टर घातलं, सगळं ठीक झालं. पण तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी बोललीस ते एवढंच: “भोंगा!” तेव्हापासून घरात मी भोंगा. आईसुद्धा म्हणायची, काही लपवायचं असेल तर भोंग्यासमोर बोलू नका. मला ते नाव आवडत होतं असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर मला तुझ्या अबोल्याची भीती बसली ती तेव्हापासून. चार दिवस घरात एक बारकं, तिखट माणूस आपल्याकडे पाठ करून जेवतं, हे मी अजून विसरलेले नाही.

मी तुझ्या बाळंतपणासाठी येऊन राहिले होते; चिमूट सहा दिवसांची असताना मला तिचे डोळे पिवळे वाटले. भोंगा वाजला. मी तुला ओल्या टाक्यांसकट टॅक्सीत घातलं, भर दुपारी दवाखान्यात नेलं, तिचं रक्त काढायला लावलं. तिच्यापेक्षा तू जास्त रडलीस. डॉक्टर म्हणाले, एवढं पिवळेपण बहुतेक बाळांना येतं, आपोआप जाईल. परतताना टॅक्सीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी विषय काढला, की वहीत रोज डोळ्यांचा रंग लिहून ठेवू. तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ताई, माझ्या मुलीची प्रुफं तपासू नकोस.”

वाक्य चांगलं होतं. तुझी वाक्यं नेहमीच चांगली असतात, त्यामुळे ती विसरता येत नाहीत. मी हसले, तूही थोड्या वेळाने हसलीस, आणि मी रोजनिशीत लिहिलं, ‘मिरीचं बरोबर आहे.’ ते मी मनापासून लिहिलं होतं का? आज वाचताना अक्षर जरा जास्तच टापटीप दिसतं. रागावले की माझं अक्षर सुधारतं.

आता तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या मंगळवारावर येते. चिमूट एकतीस दिवसांची. तू रात्रभर जागून सकाळी झोपली होतीस, मास्तर शाळेत. अंघोळीला पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलं, तिला डाव्या हातावर घेतलं. पोटावरून साबणाचा हात फिरवताना डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, हाताला काहीतरी लागलं. पोट फुगल्यावर लागतं तसं नाही. घट्ट. गुळगुळीत. बंद मुठीसारखं, जणू आतून कुणीतरी मूठ धरली आहे. मी उजवी बाजू चाचपली. उजव्या बाजूला तसं काही नव्हतं. चिमूट मजेत होती, पाण्यात पाय मारत होती, माझ्याकडे बघून तोंडाचा चंबू करत होती. मी तिला पुसलं, गुंडाळलं, तुझ्या कुशीत ठेवलं. तू डोळे न उघडता विचारलंस, “सगळं ठीक?” मी म्हणाले, “सगळं ठीक.”

मिरी, मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मंगळवारपासून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत अकरा दिवस मी सांगितलं नाही.

पाणी पिऊन आले. साडेतीन वाजलेत.

मी तुला घाबरले, असं लिहिलं तर तुला ते पटेल आणि तू मला माफही करशील. सायकल, भोंगा, टॅक्सी, सगळं त्यासाठी वर मांडलंच आहे, बघ ना, कसं व्यवस्थित ओळीने. पण ते अर्धंच आहे. त्या अकरा दिवसांत माझ्या मनात एक फार बारीक, फार घाण आवाज होता. तो म्हणत होता: प्रुफं तपासू नकोस म्हणालीस ना? बरं. नाही तपासत. मी तुझ्यावर रुसले होते, मिरी. त्रेचाळीस वर्षांची बाई चौतिसाच्या बहिणीवर रुसली होती, आणि तो रुसवा मी एका महिन्याच्या पोरीच्या अंगावर काढत होते. स्वतःला मी सांगत होते, की वायू असेल, की सगळ्याच बाळांची पोटं अशी लागत असतील, की दहा-अकरा दिवसांवर लस आहेच, तेव्हा डॉक्टर बघतीलच. या सगळ्यांत एकही कारण खोटं नव्हतं. म्हणूनच ती इतकी उपयोगी पडली.

आणि गप्प बसून मी स्वस्थ बसले असते तरी चाललं असतं. नाही बसले. रोज अंघोळीच्या वेळी मी ती चाचपून पाहत होते. वाढली का, हलते का, बोटाच्या कितव्या पेरापर्यंत येते. रोज. दाबून. शनिवारी लसीच्या वेळी डॉक्टर सुई टोचून, कार्डावर तारीख घालून मोकळे झाले होते, तू झबल्याचे बंद बांधत होतीस, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “पोट जरा फुगल्यासारखं वाटतं. बघता का?” जणू आत्ताच लक्षात आलं. तू टॅक्सीतल्यासारखीच माझ्याकडे न बघता दुसरीकडे पाहू लागलीस. मग डॉक्टरांचा हात डाव्या बाजूला गेला आणि तिथे थांबला, आणि तू बंद बांधायचं विसरलीस.

सोमवारी तिला वॉर्डात घेतलं तेव्हा नर्सने पाळण्याला पुठ्ठा बांधला: ‘पोटाला हात लावू नये.’ तू विचारलंस, का? ती म्हणाली, “अशी गाठ दाबायची नसते हो. फुटली तर पसरायची भीती.” तू घाबरून चिमूटवरचा हात काढून घेतलास. तू तर हात नुसता ठेवला होतास. मग तो संमतीचा कागद आला, आणि मी त्यातल्या ‘मुत्रपिंड’चा मु लाल पेनाने दीर्घ केला, ‘डावे’ हा शब्द चार वेळा वाचला. नर्स म्हणाली, “ओ मावशी, पेपर तपासायला बसलात का? सही पाहिजे फक्त आईची.” तू हसलीस. तीन दिवसांनी पहिल्यांदा. म्हणालीस, “असू द्या हो, तिच्या या खोडीमुळेच तर कळलं.” आणि मग हे तू सगळ्यांना सांगत सुटलीस. शेजारणीला, मास्तरांच्या हेडमास्तरांना, लिफ्टवाल्याला. ताईमुळे कळलं. ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी मी काम अडलंय म्हणून निघून आले ना, ते धुण्याच्या यंत्रासाठी नव्हे. मला ते वाक्य आणखी एकदा ऐकवत नव्हतं.

निघण्यापूर्वी मी सर्जनना एकटीने गाठलं. जिन्यात. त्यांना सगळं सांगितलं, अकरा दिवस, दाबणं, सगळं. तुझ्याआधी एका परक्या माणसाला सांगितलं, हाही गुन्हाच धर. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, “अकरा दिवसांनी बहुधा काही फरक पडला नसेल. गाठ अख्खी निघाली आहे.” मग म्हणाले, “पण पुढच्या वेळी सांगा.” पुढच्या वेळी! जणू हे दर वर्षी व्हायचं आहे. हे पत्र मी सोमवारीही एकदा लिहिलं होतं. त्यात त्यांचं वाक्य असं उतरवलं होतं: ‘अकरा दिवसांनी काही फरक पडला नसेल.’ ‘बहुधा’ गाळला होता. मुद्दाम नव्हे, आपोआप. वाचून पाहिलं तेव्हा दिसलं, आणि ते पत्र फाडलं. तो शब्द त्यांनी उच्चारला होता. तुझ्याकडे तो पोचला पाहिजे. त्याचं काय करायचं, ते तू ठरव.

चार वाजून गेले. ऑपरेटर दोनदा डोकावून गेला. आता शेवटचं. पाकिटात माझ्या रोजनिशीचं एक पान आहे, त्या मंगळवारचं. मी रोजनिशीत खोटं लिहीत नाही, हा माझा केवढा तोरा, तुला माहीत आहे. त्या पानावर मी आधी लिहिलं होतं, ‘डाव्या बाजूला हाताला गाठ लागते.’ मग ‘गाठ’ खोडून वर ‘गॅस’ लिहिलं. आणि खाली, ‘बाकी सगळं ठीक.’ परवा ते पान काढून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली, कारण खोटं बोलतानासुद्धा मी व्याकरणात चुकले होते. शब्द बदलला, क्रियापद तसंच राहिलं. ‘हाताला गॅस लागते.’ कुठल्याही नवशिक्याच्या नजरेतून सुटलं नसतं, आणि मी अकरा दिवस रोज त्याच्या शेजारची पानं भरत होते. हे तुला उद्या चारनंतरही सांगता आलं असतं. अहवाल चांगला आला असता, तर तू आनंदाच्या भरात मला मिठी मारून सोडून दिलं असतंस, आणि मी ती माफी फुकटात खिशात घातली असती. वाईट आला असता, तर मला सांगायचा धीरच झाला नसता, मी स्वतःला ओळखते. म्हणून हे आज, दोन्हींच्या आधी. उद्या अकराला वाच आणि मग ठरव, की चार वाजता मी तिथे तुझ्या शेजारी असावं की नसावं. मी सकाळच्या गाडीने येते आहे. दवाखान्याच्या दारासमोरच्या बाकावर बसून राहीन. बोलवलंस तर वर येईन, नाहीतर तिथूनच परत फिरेन. चार दिवस बोलली नाहीस तरी चालेल, चाळीस दिवस नाही बोललीस तरी. फक्त एक कर, तू पाणी प्यायलीस म्हणून, जिने चढलीस म्हणून, असं पुन्हा म्हणू नकोस. नावाचा कागद माझ्या पर्समध्ये ठेवते आहे. मागितलास तरच देईन. आमच्या कामात एक खूण असते. एखादा शब्द चुकून खोडला गेला तर तो परत लिहीत नाहीत, त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे, खोडलं ते चूक, मूळ शब्द राहू द्या. त्या पानावर मी आत्ता ‘गाठ’खाली लाल शाईने टिंबं दिली आहेत आणि ‘गॅस’ काढून टाकला आहे. वाक्य आता बरोबर आहे.

तुझीच,
भोंगा